कोणाचा नंबर लागला?

१ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काचेच्या एका खोल भांड्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर वर्षातली एक तारीख. टीव्हीवर सगळं थेट दाखवत होते. न्यूयॉर्कचे खासदार अलेक्झांडर पिर्नी यांनी हात घालून पहिली कुपी काढली. तारीख निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या सात वर्षांत कुठल्याही १४ सप्टेंबरला जन्मलेला अमेरिकन तरुण त्या क्षणी सक्तीच्या लष्करभरतीच्या रांगेत सगळ्यात पुढे आला. बाकीच्या कुप्या तरुण प्रतिनिधींकडून काढून घेतल्या, म्हणजे दिसायलाही बरं. शेवटची, ३६६ वी तारीख होती ८ जून.

म्हाडाच्या सोडतीला आपल्याकडे लोक नंबर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवतात. त्या रात्री अमेरिकेत लाखो घरांत प्रार्थना चालू होती ती नंबर लागू नये म्हणून. मागे व्हिएतनामचं युद्ध होतं, आणि देशातले निम्म्याहून जास्त लोक तोपर्यंत ते युद्ध चूक मानू लागले होते.

या सोडतीत घोळ झाला. तो कसा झाला ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

कुप्या भरल्या महिन्यांच्या क्रमाने. लाकडी पेटीत आधी जानेवारीच्या ३१ टाकल्या आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने एका बाजूला सारल्या. रिकाम्या बाजूला फेब्रुवारीच्या २९ टाकल्या आणि पुठ्ठ्यानेच जानेवारीत ढकलल्या. मग मार्च, मग एप्रिल, असं डिसेंबरपर्यंत. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा हलल्या आणि डिसेंबरच्या एकदाच. पेटी बंद करून ती थोडी हलवली, जिने चढून वर नेली आणि तिथे दोन फूट खोल भांड्यात ओतली. मग ढवळण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. काढणाऱ्यांचे हात बहुतेक वेळा वरच्या थरातच गेले, आणि वरच्या थरात वर्षाचे शेवटचे महिने होते.

१ ते ३६६ ची सरासरी १८३.५ येते. कुप्या नीट मिसळल्या असत्या तर प्रत्येक महिन्याची सरासरी याच्याच आसपास राहिली असती. प्रत्यक्षात जानेवारीची २०१ आली, मार्चची जवळजवळ २२६, नोव्हेंबरची १४९ आणि डिसेंबरची १२१.५. त्या सोडतीतले नंबर शेवटी १९५ पर्यंत बोलावले गेले. जानेवारीच्या ३१ तारखांपैकी १४ त्यात आल्या, डिसेंबरच्या ३१ पैकी २६. केवळ नाताळच्या महिन्यात जन्मल्यामुळे मुलाची जाण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. संख्याशास्त्रज्ञांनी लगेच बोट ठेवलं, वर्तमानपत्रांत छापून आलं, कोर्टात दाद मागितली गेली. सोडत रद्द झाली नाही.

एकाच तारखेला जन्मलेल्यांत आधी कोण, याचीही सोय होती. इंग्रजी मुळाक्षरांची वेगळी सोडत काढली आणि त्यात जे हे अक्षर पहिलं निघालं, व्ही शेवटचं. तेव्हा १४ सप्टेंबरचा जॉन्सन सगळ्यात आधी आणि त्याच तारखेचा व्हिन्सेंट सगळ्यात शेवटी. पुढच्या वर्षीपासून सरकार शहाणं झालं. जुलै १९७० च्या सोडतीत दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात क्रमांक. दोन्ही कोणत्या क्रमाने भरायची तेसुद्धा राष्ट्रीय मानक संस्थेने यदृच्छ क्रम तयार करून ठरवलं. मग तक्रारीला जागा उरली नाही. एवढी अक्कल एक वर्ष आधी वापरायला काही खर्च नव्हता.

पण घोळाची ही सोडतसुद्धा आधीच्या पद्धतीपेक्षा न्याय्य होती. तिच्यातली चूक निष्काळजीपणाची होती. आधीच्या पद्धतीतला अन्याय रचनेतच होता. या युद्धाने अमेरिकेचं काय केलं याचं उत्तर लोक सहसा टीव्हीवरच्या रक्तपातात, गाण्यांत आणि लांब केसांत शोधतात. माझ्या मते ते सरकारी कचेरीतल्या वर्गवारीच्या तक्त्यात जास्त सापडतं.

पद्धत अशी होती. अठरा पूर्ण झाले की मुलाने आपल्या भागातल्या भरती मंडळाकडे नाव नोंदवायचं. अशी सुमारे चार हजार मंडळं देशभर होती. मंडळावर गावातली प्रतिष्ठित माणसं बिनपगारी बसत. सगळ्यात वर १९४१ पासून एकच माणूस, जनरल लुईस हर्शी. नोंदणी झाली की एक क्रमांक मिळे, त्याचे चार भाग: राज्य, मंडळ, जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि अनुक्रम. मग प्रश्नावली येई. शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं, आजार, धर्म. ती भरून पाठवली की मंडळ वर्ग ठरवी. वन-ए म्हणजे केव्हाही बोलावता येईल. टू-एस विद्यार्थी, टू-ए महत्त्वाच्या नोकरीतला, टू-सी शेतीवाला, थ्री-ए बाप किंवा ज्याच्यावर घर अवलंबून आहे तो, फोर-डी पाद्री, वन-डी राखीव दलात असलेला, वन-ओ सदसद्विवेकाने युद्धाला नकार देणारा, वन-वाय फक्त आणीबाणीतच घ्यायचा, फोर-एफ नापास.

१९६४ ते १९७३ या काळात सुमारे २ कोटी ७० लाख अमेरिकन मुलगे भरतीच्या वयात आले. सक्तीने घेतले गेले साडेअठरा लाख. म्हणजे चाळणीचं काम निवडण्यापेक्षा वगळण्याचं जास्त होतं, आणि कोणाला वगळायचं याचं धोरणही ठरलेलं होतं. जुलै १९६५ मध्ये हर्शींच्या खात्याने एक टिपण काढलं. भरतीची भीती दाखवून तरुणांना देशाला हव्या असलेल्या शिक्षणाकडे आणि व्यवसायाकडे वळवायचं, असं त्यात उघड मांडलं होतं. इंजिनियर हवेत, शास्त्रज्ञ हवेत, शिक्षक हवेत. तेव्हा तिकडे जाणाऱ्याला सूट द्यायची. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण इंजिनियरिंगला जायची ऐपत आणि तयारी कोणाच्या मुलांकडे असते? देशाच्या गरजेच्या नावाखाली वरच्या वर्गाला दार उघडं मिळालं, आणि त्यासाठी कोणाला लबाडीही करावी लागली नाही.

दारं किती होती ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

पहिलं कॉलेजचं. पूर्ण वेळ शिकत असलास आणि दरवर्षी वेळेवर पुढच्या वर्षात जात असलास तर टू-एस. अर्ध वेळ नोकरी करून सहा वर्षांत पदवी घेणाऱ्या मुलाला ही सूट टिकवता येत नसे, कारण तो 'वेळेवर' पुढे सरकत नाही. १९६६ मध्ये यावर गुणवत्तेचा मुलामा चढवला. देशभर एक चाचणी घेतली, आणि वर्गातला क्रम किंवा तिचे गुण मंडळाने पाहावेत असं ठरलं. त्यामुळे प्राध्यापकांच्या हातात नसती सत्ता आली. एखाद्याला सी द्यायचा की डी, यावर तो पोरगा कॉलेजात राहणार की वन-ए होणार हे ठरू लागलं. काहींनी नापास करणंच सोडून दिलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये वैद्यकी वगैरे सोडून पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सूट काढली तेव्हा मोठ्या विद्यापीठांत खळबळ उडाली. चार वर्षं खाणकामगारांची मुलं जात होती तेव्हा ती उडाली नव्हती.

दुसरं दार लग्नाचं. १९६३ पासून विवाहितांना रांगेत मागे ठेवलं जाई. २६ ऑगस्ट १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केलं की आज मध्यरात्रीनंतर लग्न करणाऱ्या बिनमुलाच्या नवऱ्यांना ही सवलत नाही. त्या संध्याकाळी लास वेगासच्या विवाह नोंदणी कचेरीत झुंबड उडाली. मूल झालेल्यांची सवलत मात्र चालूच राहिली, ती नव्यांसाठी बंद झाली एप्रिल १९७० मध्ये. मधल्या पाच वर्षांत किती मुलं या कारणाने जन्माला आली असतील, कोण जाणे.

तिसरं दार डॉक्टरचं, आणि इथे पैसा सगळ्यात उघड बोलतो. तपासणीचं पत्र आलं की ठरल्या दिवशी सकाळी लष्करी तपासणी केंद्रावर हजर व्हायचं. न्यूयॉर्कमध्ये ते व्हाइटहॉल स्ट्रीटवर होतं. तिथे अंतर्वस्त्रांवर रांगेत उभं राहायचं. वजन, उंची, डोळे, कान, लघवी, छातीचा एक्स-रे, मग लेखी चाचणी. दिवसाला शेकडो मुलं. डॉक्टरला एकेकासाठी मिनिट-दोन मिनिटं. एवढ्या वेळात गुडघ्याची जुनी दुखापत, दमा किंवा पाठीचा कणा तपासता येत नाही. म्हणून तो कागद बघणार. ज्याच्याकडे घरच्या डॉक्टरचं सविस्तर पत्र, जुने एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या आहेत त्याचा आजार खरा. ज्याला जन्मात डॉक्टर परवडला नाही त्याचा दमा कागदावर नाही, म्हणजे नाहीच. त्यामुळे तब्येतीने खरोखर कमकुवत असलेला गरीब मुलगा पास होई आणि टेनिस खेळणारा नापास. दातांना तारा लावल्या असतील तर उपचार संपेपर्यंत घेत नसत. आणि तारा कोणाच्या दातांना असतात हे वेगळं सांगायला नको.

चौथं दार नॅशनल गार्डचं, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ सैन्याचं. त्याचा धागा थेट वर जातो. २८ जुलै १९६५ ला जॉन्सन यांनी जाहीर केलं की व्हिएतनाममधली फौज सव्वा लाखावर नेणार, महिन्याची सक्तीची भरती १७ हजारांवरून ३५ हजार करणार, पण राखीव दलं बोलावणार नाही. राखीव दलांत संसारी, नोकरदार, गावात वजन असलेली माणसं असतात. ती उचलली की देशाला कळतं आपण युद्धात आहोत, काँग्रेसमध्ये म्हणजे तिथल्या संसदेत चर्चा होते, पैसे मागावे लागतात. जॉन्सनना ते नको होतं. १९ वर्षांचा मुलगा उचलला तर फक्त त्याच्या आईला कळतं. या एका निर्णयाने राखीव दल आणि नॅशनल गार्ड ही सगळ्यात सुरक्षित जागा झाली: काही महिने प्रशिक्षण, मग महिन्यातून एखादा शनिवार-रविवार, अशी सहा वर्षं. १९६८ पर्यंत प्रतीक्षायादी लाखावर गेली. अशा यादीत वशिला चालतो, तसा तिथेही चालला.

पाचवं दार सगळ्यात अरुंद, सदसद्विवेकाचं. त्यासाठी दीडशे क्रमांकाचा वेगळा अर्ज होता. तुमची श्रद्धा काय, ती कुठून आली, तुम्ही ती कशी जगता, हे लिहून द्यायचं आणि ओळखणाऱ्यांची पत्रं जोडायची. मग मंडळासमोर एकट्याने बसायचं. कोणी हल्ला केला तर काय कराल, हा प्रश्न ठरलेलाच. अट अशी की विरोध सगळ्याच युद्धांना हवा. 'हिटलरविरुद्ध लढलो असतो, हे युद्ध मात्र अन्याय्य आहे' असं प्रामाणिकपणे म्हणणारा नापास. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ते कायम केलं. न्याय्य-अन्याय्य युद्धात शतकानुशतकं फरक करत आलेल्या कॅथलिकांची यात पंचाईत झाली. देव मानायलाच हवा, ही अट मात्र १९६५ आणि १९७० च्या दोन निकालांनी सैल केली. यातही चांगलं इंग्रजी लिहिता येणाऱ्याचं फावलं. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाची मंडळी गावोगाव मोफत सल्ला केंद्रं चालवत. त्यांचा पहिला धडा साधा होता: मंडळाकडून आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट जपून ठेवा, दिलेल्या मुदतीत लेखी अपील करा, पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा. कितीतरी प्रकरणं मंडळाच्या प्रक्रियेतल्या चुकांवर कोर्टात कोसळली. ज्याने पाकीट फेकून दिलं त्याच्या हातात काहीच उरत नसे.

आणि दारं संपली की एक पाऊल. भरती केंद्रात मुलांना ओळीत उभं करत, नाव पुकारत आणि म्हणत, एक पाऊल पुढे या. ते पाऊल टाकलं की माणूस सैनिक झाला. त्यानंतर पळाला तर लष्करी कायदा लागू. नाही टाकलं तर तो नागरिकच, पण गुन्हेगार: पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि दहा हजार डॉलर दंड. मुष्टियोद्धा मुहम्मद अलींनी २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये हे पाऊल टाकलं नाही. तिथे त्यांना जुन्याच नावाने पुकारलं होतं. १९६४ मध्ये याच माणसाला लेखी चाचणीत नापास करून बाजूला ठेवलं होतं. १९६६ मध्ये पातळी खाली आणली आणि तो पात्र ठरला. जगज्जेतेपद गेलं, परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ८ विरुद्ध ० अशी रद्द केली, तीही प्रक्रियेतल्या दोषावर.

अलींसाठी पातळी खाली आली तशी ती लाखोंसाठी आली. विद्यार्थ्यांना हात लावायचा नाही आणि राखीव दल बोलवायचं नाही, मग माणसं आणायची कुठून? ऑक्टोबर १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी 'प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड' सुरू केला. बुद्धिमापनाच्या चाचणीत आधी नापास होणाऱ्यांना आता घ्यायचं. सांगितलं असं की ही गरिबी हटवण्याची योजना आहे, सैन्य त्यांना हुन्नर शिकवेल. साडेतीन लाखांच्या आसपास मुलं अशी घेतली. सुमारे ४० टक्के काळी. हुन्नर शिकवणाऱ्या शाखांच्या परीक्षा त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांच्यातली बरीच गेली पायदळात. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. त्या काळी भरती मंडळांच्या सदस्यांत काळे होते जेमतेम १.३ टक्के. युद्धाच्या पहिल्या वर्षांत मरणाऱ्यांत काळ्यांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं होतं. आरडाओरडा झाल्यावर ते उतरलं. मार्टिन लूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ ला रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध तोंड उघडलं त्यामागे हेही होतं, आणि त्यासाठी मित्रवर्तमानपत्रांनीही त्यांना झोडपलं.

चाळणीचा परिणाम रस्त्यावर दिसायचाच होता. तो मात्र आपण समजतो तसा सरळ नाही. 'तरुण विरोधात, म्हातारे बाजूने' हे चित्र मतचाचण्यांत टिकत नाही. तिशीच्या आतले लोक पन्नाशीच्या पुढच्यांपेक्षा युद्धाच्या बाजूने जास्त होते. कमी शिकलेले लोक पदवीधरांपेक्षा युद्धाला चूक म्हणण्यात पुढे होते. म्हणजे ज्यांची मुलं जात होती त्यांना ते आधी कळलं होतं. पण निदर्शनं करायला लागणारा वेळ, जागा आणि वर्तमानपत्रांचं लक्ष कॉलेजांकडे होतं, म्हणून विरोधाचा चेहरा विद्यार्थ्याचा झाला. युद्धाला कंटाळलेला कामगार युद्धापेक्षाही त्या चेहऱ्यावर जास्त चिडला. ज्याला न जायची मुभा आहे तोच झेंडा जाळतोय, हे त्याला सहन झालं नाही.

मे १९७० मध्ये हे सगळं दोन आठवड्यांत फुटलं. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघं निदर्शनात नव्हतीच, वर्गाकडे निघाली होती. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना साधारण एकाच वयाची पोरं, आणि व्हिएतनामला न जाण्याचे दोन वेगळे कायदेशीर मार्ग: इकडे टू-एस, तिकडे वन-डी. नंतरच्या मतचाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला ११ टक्क्यांनी. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी शिरस्त्राणं घालून वॉल स्ट्रीटजवळ युद्धविरोधी मुलांना बडवलं. ७० च्या आसपास जखमी झाले. पुढच्याच आठवड्यात मिसिसिपीच्या जॅक्सन स्टेटमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन काळे तरुण मेले. देशाने केंट स्टेट लक्षात ठेवलं, जॅक्सन स्टेट फारसं नाही. अमेरिकेच्या राजकारणात आजही दिसणारी ती फट, शिकलेला शहरी उदारमतवादी एकीकडे आणि आपल्याला हिणवलं जातंय असं वाटणारा कष्टकरी गोरा दुसरीकडे, तिचं निम्मं श्रेय मी या वर्गवारीच्या तक्त्याला देतो.

जे गेले त्यांचं काय? व्हिएतनाममधली मुदत सैन्यात बारा महिन्यांची, मरीनमध्ये तेराची. युनिट जागेवरच, माणसं एकेक करून येत आणि एकेक करून जात. नवा आला की जुने त्याच्यापासून अंतर ठेवत, कारण नवा माणूस चुका करतो आणि चुकांनी सगळे मरतात. जो शिकून तयार होई त्याचे दिवस भरत आलेले असत, मग तो जीव जपे. अधिकारी लढाईच्या हुद्द्यावर बहुधा सहाच महिने. परतताना कोणी बरोबर नाही. चिखलातून उचलून विमानात बसवला की दोन दिवसांत तो कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावर. सक्तीच्या भरतीचा माणूस दोन वर्षांचा. परत आल्यावर नोकरीचे १५० पेक्षा कमी दिवस उरले असतील तर त्याला लगेच सोडून देत. म्हणून कित्येकांनी हिशेब करून व्हिएतनाममध्येच आणखी काही आठवडे काढले, म्हणजे घरी आल्यावर छावणीत बूट पॉलिश करत बसायला नको. दुसऱ्या महायुद्धातले लोक पूर्ण तुकडीबरोबर जहाजाने आठवडे-दोन आठवडे प्रवास करून परतत. त्या प्रवासात एकमेकांशी बोलणं होई. यांना ते मिळालं नाही.

१९७१ पर्यंत हेरॉइन इतकं स्वस्त आणि शुद्ध मिळत होतं की जूनपासून परतणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासू लागले. दोषी निघाला तर विमान चुकलं, आधी व्यसनमुक्ती. देश घाबरला होता की आता लाखभर गर्दुल्ले घरी येणार. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. जवळपास पाचातला एक तिथे व्यसनी झाला होता, पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा अडकले. व्यसनाबद्दलच्या समजुती हलवणारा हा निष्कर्ष बरीच वर्षं कोणाला पटला नाही. मनावरच्या जखमेला अधिकृत नाव मिळायला १९८० उजाडलं. तोपर्यंत सरकारी इस्पितळात ती 'जुनीच व्याधी' ठरे. युद्धात फवारलेल्या तणनाशकांनी झालेल्या आजारांसाठी कायदा आला १९९१ मध्ये. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत. व्हिएतनामी मृतांची अशी भिंत बांधायची तर ती किती पटींनी लांब होईल, हा हिशेब अमेरिकेत फारसा कोणी करत नाही.

पैशाचं थोडक्यात. जॉन्सनना युद्धही हवं होतं आणि समाजकल्याणही, कर मात्र वाढवायचा नव्हता. दहा टक्के अधिभार आला जून १९६८ मध्ये, तीन वर्षं उशिरा. १९६५ ला दोन टक्क्यांच्या आत असलेली महागाई १९७० पर्यंत सहाच्या जवळ गेली. ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तुटलं.

विश्वासाचं मोजमाप आणखी बोलकं आहे. सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं मानणारे १९६४ मध्ये ७७ टक्के होते, १९७४ मध्ये ३६. मधल्या दशकात सरकार युद्धाबद्दल आतून एक आणि बाहेर दुसरं बोलत होतं हे १९७१ च्या जूनमध्ये पेंटागॉनच्याच कागदांवरून छापून आलं. वॉटरगेट त्याच्यानंतरचं.

जॉन्सननंतरचे अध्यक्ष निक्सन मात्र एका बाबतीत चतुर. लोक युद्धाला विरोध करतात तो बराचसा सक्तीच्या भरतीला करतात, हे त्यांनी ओळखलं. सोडत आणली, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी एकदाच धोका. त्या वर्षी नंबर आला नाही तर पुढे मोकळं. ज्याला ३२० मिळाला तो दुसऱ्या दिवसापासून आयुष्याची आखणी करू लागला, मोर्चाला गेला तरी आधीच्या त्वेषाने नाही. सक्तीने घेतलेल्यांची संख्या १९६६ मध्ये ३ लाख ८२ हजार होती, १९७२ मध्ये ५० हजारांच्या आत आली. १९७२ मध्ये निघालेल्या सोडतीतला एकही मुलगा बोलावला गेला नाही. २७ जानेवारी १९७३ ला सक्ती संपल्याची घोषणा झाली, आणि जुलैत कायदाही सरला. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन वगैरे मंडळींच्या आयोगाने आधीच सांगितलं होतं की पगार वाढवा, स्वेच्छेने माणसं येतील. नव्या शिपायाचा मूळ पगार दुपटीहून जास्त झाला. मधल्या काळात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, कारण मरायला पुरेसा मोठा आणि मत द्यायला लहान, हे सांगणं कठीण झालं होतं. नोव्हेंबर १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार उलथवून अध्यक्षांच्या युद्धाधिकाराला लगाम घालणारा कायदा केला. त्यानंतरच्या प्रत्येक अध्यक्षाने तो कसा वळसा घालून टाळावा याचा अभ्यास केला आहे.

सेनाधिकाऱ्यांनी धडा घेतला तो वेगळाच. यापुढे राखीव दल आणि नॅशनल गार्डशिवाय मोठं युद्ध करताच येऊ नये अशी फौजेची रचना बदलली. म्हणून इराकमध्ये नॅशनल गार्डची माणसं पुन्हा पुन्हा गेली. वडिलांच्या पिढीत जी पळवाट होती तीच मुलांच्या पिढीत हमरस्ता झाली. सैनिक कमी पडले तेव्हा मुदत संपलेल्यांना घरी सोडलंच नाही. अफगाणिस्तान वीस वर्षं चाललं. विद्यापीठांच्या आवारात १९७० सारखं काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं, कारण तिथल्या मुलांपैकी कोणालाही पत्र येणार नव्हतं. सक्तीची भरती पुन्हा आणावी असं मी म्हणत नाही; तिचा तक्ता वर दिला आहे. पण ती गेल्यामुळे नकोसं युद्ध चालवणं सोपं झालं, हे नाकारता येत नाही.

नोंदणी तेवढी उरली. ती १९७५ मध्ये बंद झाली होती. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर अध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये पुन्हा सुरू केली. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांशी या विषयाचा संबंध येतो तो इथे. साठच्या दशकाच्या शेवटी ग्रीन कार्डवर गेलेल्या आपल्या तरुण इंजिनियर-डॉक्टरांनाही त्या काळी भरतीचा कायदा लागू होता. परकीय म्हणून सूट मागितली तर नागरिकत्वाचं दार बंद. आजही तिथे जन्मलेल्या किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलग्याची नोंद अठराव्या वर्षी व्हावी लागते, मुलीची नाही. विद्यार्थी व्हिसावर किंवा आईवडिलांच्या एच-वन-बीमुळे तिथे असलेल्याला, तो व्हिसा चालू असेपर्यंत, हे लागू नाही. गोंधळ होतो तो मधेच ग्रीन कार्ड मिळालेल्यांचा. बावीस-तेविसाव्या वर्षी कार्ड येतं, आणि नोंदणी ही फक्त तिथे जन्मलेल्यांची भानगड असं समजून कोणी लक्ष देत नाही. मग नागरिकत्वाचा अर्ज भरताना त्यात हा प्रश्न समोर येतो. सव्वीस पूर्ण व्हायच्या आत असेल तर उशिरा का होईना नाव नोंदवता येतं. सव्वीस ते एकतीस या वयात अर्ज करणाऱ्याला आपण जाणूनबुजून टाळलं नाही हे दाखवावं लागतं. एकतिशीनंतर ती चूक सहसा आड येत नाही. कागद मात्र तेव्हाही जपून ठेवावा, पाकिटासकट.